आलेखाच्या सीमा

आलेख काढणे निराळे आणि आलेख वाचणे निराळे. कागदावरील रेषा कोठे सुरू होते व कोठे संपते, हे पाहणे हा वाचनाचा पहिला पाठ होय.

समजा, एक चेंडू जमिनीवरून सरळ वर, दर सेकंदास 20 मीटर वेगाने फेकला. हवेचा विरोध सोडून दिला आणि चेंडूचा वेग दर सेकंदास 10 मीटरने घटतो असे धरले, तर क सेकंदांनंतर त्याची उंची (20क − 5क²) मीटर असते. म्हणजे 1, 2, 3 आणि 4 सेकंदांनंतर ती अनुक्रमे 15, 20, 15 आणि 0 मीटर होते. आडव्या अक्षावर काळ व उभ्या अक्षावर उंची घेतली, की कमानीसारखी वक्ररेषा मिळते. प्रत्येक क्षणी चेंडूची उंची एक आणि एकच असते. म्हणून उंची हे काळाचे फलन आहे.

आता अशी कल्पना करा, की ह्या कमानीच्या थेट वर एक दिवा धरला आहे. कमानीची सावली सरळ खाली आडव्या अक्षावर पडेल. ती 0 पासून 4 पर्यंत असेल. हा फलनाचा प्रांत. पुढे प्रकाश बाजूने सोडला, तर उभ्या अक्षावर 0 पासून 20 पर्यंत सावली पडेल. हा फलनाचा विस्तार. कमानीची दोन्ही टोके जमिनीवर आहेत, म्हणून केवळ टोके पाहणारा फसतो. विस्तार शोधताना शिखरही पाहावे लागते.

ह्याच सूत्रात काळ 5 सेकंद घातला, तर चेंडू जमिनीखाली 25 मीटर असल्याचे उत्तर येते! सूत्र चुकले नाही. आपण प्रांताबाहेरचा प्रश्न विचारला.

ही चूक नेहमीच हसण्याजोगी नसते. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेत चॅलेंजर हे अवकाशयान सोडावयाचे होते. अग्निबाणाचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी थंडीत कशी वागतात, ह्याच्या पूर्वीच्या उड्डाणांतील नोंदी सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली नव्हत्या. म्हणून त्याहून कमी तापमानात उड्डाण करू नये, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले. तो सल्ला शेवटी मानला गेला नाही. उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे 2 अंश होते. एका सांध्यातील कडे निकामी झाले, अवघ्या 73 सेकंदांत यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले.

आलेख जेथे संपतो, तेथे आपले ज्ञानही थांबते. त्यापुढे पाऊल टाकण्यापूर्वी नव्याने मोजमाप करावे, हेच शहाणपण होय.