लढाईची चित्रे व इतिहासाचा पाठ

प्रतापगडच्या लढाईचे सचित्र पुस्तक उघडताच मुलांची दृष्टी शामियान्यातील भेटीवर खिळते. चिंचपाड्याच्या परिसरात पुष्कळ मुलांची घरची बोली मावची वा भिली असते. त्यांना शब्दाआधी चित्रच अर्थ सांगते, म्हणून ते प्रिय होते. परंतु पाठ तेथेच थांबू नये. १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेटीनंतर तोफेची इशारत झाली व जावळीच्या रानात दडलेले मावळे खानाच्या फौजेवर तुटून पडले. मैदानात प्रबळ असणारी फौज त्या अरुंद वाटांत का अडली, हे शिक्षकांनी विचारावे. रानवाटा तुडवणारे मूल उत्तर स्वतःच शोधील. चित्र मागाहून कल्पनेने रेखाटलेले असते, हेही अवश्य सांगावे.