बोली लावण्याआधी

श्रोतेहो, जानेवारी-फेब्रुवारी आला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर एक जाहिरात दिसू लागते. वर ठळक अक्षरांत 'जाहीर लिलाव' आणि खाली बारीक टायपातला तक्ता. मिळकत क्रमांक, पेठ, मिळकतधारकाचं नाव, घरपट्टीची थकबाकी, राखीव किंमत, अनामत रक्कम. ३१ मार्चच्या आत वसुली करायची असल्यामुळे या दिवसांत महापालिकांची धावपळ चाललेली असते. आपण बहुतेकजण हे पान उलटून पुढे जातो. काहीजण मात्र तिथेच थांबतात.

माझे दुल्हेभाई, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, असेच थांबले. एस. टी.तून निवृत्त झालेला माणूस. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून तेरा-साडेतेरा लाख बँकेत पडलेले. जाहिरातीची घडी खिशात घालून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आपल्याच मोहल्ल्यातलं घर आहे. राखीव किंमत बारा लाख. बाजारात वीसला कमी मिळणार नाही. तू बी. ए. झालेला, कागद वाचतोस. जरा बघ." आपा दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "नीट बघ रे, एवढेच आहेत."

मी कवितेतला माणूस. आठवडाभर मात्र कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आणि एका ओळखीच्या वकिलांकडे बसलो. त्यात जे कळलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं.

वकिलांचं पहिलंच वाक्य माझ्या लक्षात राहिलं. ते म्हणाले, "महापालिका घर विकत नाही, ती आपली थकबाकी वसूल करते." पुढचं सगळं या एका वाक्यात आहे. मुंबईचा १८८८चा कायदा वेगळा. राज्यातल्या बाकीच्या महानगरपालिका १९४९च्या अधिनियमावर चालतात. त्याच्या कलम १४१प्रमाणे सरकारी जमीन महसूल वगळला तर मिळकतकराचा त्या मिळकतीवर पहिला बोजा असतो. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते. नोटिसा आणि जप्ती होऊनही पैसे आले नाहीत, तर शेवटचा उपाय म्हणून लिलाव. थकबाकी आणि खर्च वसूल झाला की महापालिकेचा त्या घराशी संबंध संपतो. एरवी आपण खरेदीखत करतो तेव्हा विकणारा 'ही मिळकत निर्वेध आहे, हक्काबद्दल तक्रार आली तर मी निस्तरीन' असं लिहून देतो. लिलावाच्या अटींत तसं काही नसतं. तिथे लिहिलेलं असतं 'जसे आहे, जेथे आहे'. हे चार शब्द म्हणजे पुढची सगळी जोखीम तुमची.

आता पहिली गाठ. तक्त्यात मिळकतधारक म्हणून ज्यांचं नाव होतं, ते हाजीसाहेब वारून पस्तीस वर्षं झाली होती. महापालिकेच्या करआकारणीच्या नोंदवहीत नाव असणं हा मालकीचा पुरावा नव्हे. कर कोणाकडून घ्यायचा, एवढ्यापुरती ती नोंद असते. मालकी पाहायची तर सिटी सर्व्हेच्या कचेरीतलं मालमत्ता पत्रक, जमीन असेल तर सातबारा आणि फेरफार, आणि दुय्यम निबंधकाकडचे निदान तीस वर्षांचे दस्त पाहावे लागतात. आम्ही पाहिले. मालमत्ता पत्रकावरही हाजीसाहेबच होते. आमच्यात माणूस वारला की त्याच क्षणी त्याच्या मिळकतीत वारसांचे ठरलेले हिस्से उभे राहतात. बायकोला आठवा, मुलीला मुलाच्या निम्मा. कागदावर नोंद होवो न होवो, हक्क असतोच. हाजीसाहेबांना दोन मुलगे, तीन मुली. त्यांतले काही गेले, त्यांचे वारस आले. आम्ही बोटांवर मोजले तर चौदा जण भरले. कुणी पुण्यात, कुणी भिवंडीत, एक नातू कुवेतला. यांतल्या एकालाही नोटीस पोहोचली नव्हती, कारण नोटीस हाजीसाहेबांच्या नावाने निघाली होती आणि दाराला चिकटवली होती. मेलेल्या माणसाच्या नावे काढलेली नोटीस हा पुढे लिलाव रद्द करून मागायला मोठा आधार होतो. चौदांपैकी एकजण जरी कोर्टात गेला, तरी दुल्हेभाईंचे पैसे अडकले असते. हे काही फक्त आमच्याच समाजात होतं असं नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाड्यातही आजोबांचं नाव तसंच राहिलेलं असतं आणि २००५च्या दुरुस्तीनंतर लेकींचा हक्क तिथेही मुलांच्या बरोबरीचा आहे.

जमिनीचा प्रकारही पाहावा लागतो. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर परवानगी आणि नजराण्याचा प्रश्न येतो. वक्फची किंवा देवस्थान इनामाची असेल तर विश्वस्त हक्क सांगायला उभे राहतात. विकास आराखड्यात त्या जागेवरून रस्ता किंवा बाग जात असेल, तर तुम्ही घर घेता की भूसंपादनाची वाट पाहणं घेता, हे नगररचना विभागातला झोन दाखला सांगतो. हाजीसाहेबांच्या घराला यांतलं काही नव्हतं. पण ते पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

दुसरी गाठ घरात राहणाऱ्यांची. पुढच्या खोलीत एक म्हातारी शिवणकाम करून राहत होती. भाडेकरू, चाळीस वर्षांपासूनची. भाडं महिना दीडशे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. मालक बदलला म्हणून अशा भाडेकरूला उठवता येत नाही. लिलावात घर घेणारा तिचा नवा मालक होतो, एवढंच. कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध केलं तरच ताबा मिळतो आणि ते खटले वर्षानुवर्षं चालतात. लिलावाच्या कागदावर 'ताबा' या शब्दापुढे काय लिहिलंय ते म्हणूनच आधी वाचावं. बहुतेकदा तो मिळवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच असते. मी दुल्हेभाईंना विचारलं, "तिला तुम्ही उठवणार?" ते काही बोलले नाहीत. त्यांच्या आईनं त्या बाईकडून कपडे शिवून घेतले होते.

तिसरी गाठ बांधकामाची. घराचा मागचा भाग आणि वरची पत्र्याची खोली नंतर बांधलेली. परवानगीचा कागद नाही. पुष्कळांना वाटतं, घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं. तसं नाही. महापालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते. इतकंच नव्हे, २००८ साली अधिनियमात कलम २६७-अ आलं, त्यानुसार अशा बांधकामावर मिळकतकराच्या दुपटीएवढी शास्ती दर वर्षी लावता येऊ लागली. आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कलमात आहे. पिंपरी-चिंचवडकरांनी या शास्तीकरापायी किती वर्षं काढली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे लिलाव करणारी महापालिका उद्या त्याच घरावर बांधकाम पाडण्याची नोटीसही लावू शकते. दोन्ही विभाग एकाच इमारतीत असतात, पण त्यांचे मजले वेगळे असतात.

चौथी गाठ जुन्या देण्यांची. इथे दोन निकाल सांगतो. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात अहमदाबाद महापालिकेचं एक प्रकरण गेलं होतं. लिलावाला निघालेलं घर एकाने विकत घेतलं आणि आधीच्या मालकाच्या थकलेल्या करासाठी महापालिका त्या घरावर आली. न्यायालयाने घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पैसे मोजून, थकबाकीची कल्पना नसताना घेतलेल्या माणसाविरुद्ध, कायद्यात तसं स्पष्ट म्हटलेलं नसेल तर हा बोजा वसूल करता येत नाही. निकाल चांगला, पण त्यासाठी त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. शिवाय 'कल्पना नसताना' हा शब्द महत्त्वाचा. जो घरपट्टीच्या लिलावातच बोली लावतो, तो थकबाकीची जाहिरात वाचूनच आलेला असतो. मला ठाऊक नव्हतं, असं तो कोणत्या तोंडाने म्हणणार? लिलावाची किंमत भरल्यावर जुना कर, पाणीपट्टी, शास्ती यांतलं काय फिटलं आणि काय उरलं, हे म्हणून महापालिकेकडून लेखी घ्यावं.

दुसरा निकाल मे २०२३चा, केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणातला. लिलावात घेतलेल्या जागेला नवी वीजजोडणी मागितली, तर आधीच्या मालकाची थकबाकी भरा, असं नियमांच्या आधारे घेणाऱ्याला सांगता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. 'जसे आहे, जेथे आहे' याचा अर्थही त्यात लक्षात घेतला गेला. हाजीसाहेबांच्या घराचा मीटर केव्हाच काढून नेलेला होता. चौकशी केली तर थकबाकी एकतीस हजार. सोसायटीतला फ्लॅट असेल, तर सोसायटीचा थकलेला देखभाल खर्चही नाव लावून घेताना समोर येतो.

पाचवी गाठ मुदतीची. अनामत आधी, बोली लागली की ठरलेला हिस्सा लगेच, बाकी थोड्या दिवसांत. मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त होऊ शकतात. बँका अशा मिळकतीवर कर्ज द्यायला सहसा पुढे येत नाहीत, कारण त्यांनाही स्वच्छ कागद लागतात. त्यातून लिलाव झाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. कोर्टाच्या लिलावात साठ दिवसांत, जमीन महसूल संहितेखालच्या लिलावात तीस दिवसांत, मूळ मालक देणं भरून आणि घेणाऱ्याला किमतीच्या पाच टक्के देऊन विक्री रद्द करून मागू शकतो. महापालिकेच्या लिलावात विक्री कायम कधी आणि कोणाच्या सहीने होते, हे अटींत शोधून वाचावं. तोवर घराला रंगसुद्धा लावू नये.

एका रविवारी आम्ही हिशेब मांडला. बोली बारा लाख धरली. विक्रीच्या दाखल्यावर मुद्रांक शुल्क लागतं. ते सहा टक्क्यांनी बहात्तर हजार. नोंदणीचे बारा हजार. विजेचे एकतीस हजार. कागद शोधण्याचे आणि वकिलांचे पंधरा हजार. छप्पर आणि मागची भिंत, गवंड्याच्या अंदाजाने सव्वा दोन लाख. बेरीज झाली पंधरा लाख पंचावन्न हजार. बँकेत होते साडेतेरा. आणि या बेरजेत भाडेकरूचा खटला नव्हता, चौदा वारस नव्हते, पाडापाडीची नोटीस नव्हती. दुल्हेभाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बाजारातलं वीस लाखांचं घर महाग नाहीये." बरोबर होतं. त्या जादा किमतीत विकणाऱ्याची जबाबदारी, मोकळा ताबा आणि रात्रीची झोप धरलेली असते.

लिलावात कुणी भागच घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. कागद स्वच्छ असलेला, मालक हयात असलेला, मोकळा भूखंड असेल आणि जवळ वाट पाहण्याइतका पैसा असेल, तर व्यवहार चांगलाही होतो. पण बोली लावण्याआधी घर आतून पाहा, शेजाऱ्यांशी बोला, कागद वकिलाकडून तपासून घ्या, आणि सगळ्यात खालच्या ओळीतल्या अटी आधी वाचा. निवृत्तीचा सगळा पैसा मात्र त्यात घालू नका.

आम्ही बोली लावली नाही. लिलावाच्या दिवशी नुसते बघायला गेलो. फळ्यावरच्या यादीतल्या निम्म्याअधिक नावांवर रेघ मारलेली होती; लोकांनी शेवटच्या दिवसात पैसे भरले होते. हाजीसाहेबांच्या नावावरही रेघ होती. कुवेतच्या नातवाला कुणीतरी कळवलं होतं, त्याने सगळी थकबाकी पाठवली. दुल्हेभाई म्हणाले, "चला, म्हातारीचं मशीन चालू राहिलं."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आमच्याच घरपट्टीची पावती काढली. नाव माझ्या वडिलांचं. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. आम्ही चार भावंडं आहोत आणि त्यांतलं आपाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी वारसनोंदीचा अर्ज आणायला गेलो. श्रोतेहो, तुम्हीही आज तुमच्या घरची पावती काढून एकदा बघा.