खोर्लीचे सैनिक

त्या सैनिकाच्या कमरेत एक रबरी कडं असतं. बाहुला पावणेचार इंचांचा, प्लास्टिकचा. पाय जिथे जुळतात तिथे धातूचा आकडा, छातीच्या पोकळीत खुंटी, आणि दोन्हींना ताणून धरणारं हे काळं कडं. ते शाबूत असेतोवर सैनिक बसतो, वाकतो, कमरेत वळतो. मग कधीतरी रबर वाळतं, तुटतं, आणि सैनिकाचे दोन तुकडे हातात येतात. आमच्या सावंतवाडीच्या घरचा माळा आवरताना माझ्या हातात ते तसे आले. पाठीतला स्क्रू काढला, नळदुरुस्तीच्या दुकानातून त्याच मापाची ओ-रिंग आणून बसवली, आणि माझ्या शाळकरी वर्षांतला जी. आय. जो पुन्हा उभा राहिला. आज अमेरिकेतले संग्राहक याच बाहुल्याला वेगळा म्हणून ओळखतात. तो घडला आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर, गोव्यात. फनस्कूलच्या कारखान्यात.

या कंपनीचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात रबरापासूनच करावी लागते. 1946 साली के. एम. मामेन माप्पिळ्ळै यांनी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये एका शेडमध्ये फुगे बनवायला घेतले. मुलांच्या खेळण्यातले फुगे. त्यातूनच पुढे मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे आपल्या ओळखीची एमआरएफ, उभी राहिली. टायरवाली कंपनी 1987 मध्ये खेळण्यांत कशी काय शिरली, असं अनेकांना वाटतं. खरं तर ती खेळण्यांतूनच निघाली होती. चाळीस वर्षांनी मूळ घरी परतली, एवढंच. गोवाही तिला नवा नव्हता. फोंड्याजवळ उसगावला तिचा टायरचा कारखाना आधीपासून चालू होता. अमेरिकेतल्या हॅस्ब्रोशी भागीदारी करून फनस्कूल ही कंपनी निघाली, आणि तिचा कारखाना जुन्या गोव्यापलीकडे खोर्लीच्या औद्योगिक वसाहतीत आला.

त्या काळी परदेशी खेळणं दुकानात मिळत नसे. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर बंधनं होती. आखातातून येणाऱ्या एखाद्या मामाच्या बॅगेत असेल तेवढंच. त्यामुळे परदेशी कंपनीला भारतात यायचं तर इथल्या भागीदाराला साचे द्यायचे आणि माल इथेच काढायचा, हाच रस्ता होता. मुंबईच्या ब्लो प्लास्टने लिओ या नावाने मॅटेलचे ही-मॅन आणले ते याच रस्त्याने. फनस्कूलने हॅस्ब्रोचे खेळ आणले, मोनोपॉलीसारखे पटावरचे आणले, आणि जी. आय. जो आणला.

इथे जरा थांबतो, कारण सगळी गंमत साच्यात आहे.

हॅस्ब्रोने जी. आय. जो पहिल्यांदा 1964 मध्ये काढला तेव्हा तो फूटभर उंचीचा होता. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत म्हणून ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द त्याच्यासाठी रूढ झाला. ‘स्टार वॉर्स’च्या छोट्या बाहुल्यांनी बाजार जिंकल्यावर 1982 मध्ये जो पावणेचार इंचांचा होऊन परत आला, आणि रबरी कड्याची ती रचना तेव्हाची. एका बाहुल्याला डोकं, हात, मांड्या, पोटऱ्या, छातीचे दोन भाग एवढ्या सगळ्यांचे पोलादी साचे लागतात. ते फार महाग. अमेरिकेत एखाद्या बाहुल्याची विक्री दोनेक वर्षांत उतरली की साचा रिकामा पडे. मग तेच साचे हिंडायला निघत. ब्राझीलमध्ये एस्त्रेला, अर्जेंटिनात प्लास्तिरामा आणि भारतात फनस्कूल यांनी याच घराण्यातले बाहुले आपापल्या रंगांत काढले.

हॅस्ब्रोने 1994 मध्ये पावणेचार इंची सैनिकांची ती मालिका थांबवली. गोव्यात मात्र ती चालूच राहिली. नवं शतक उजाडलं तरी आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानांत या मालिकेतले स्नेक आइज आणि फ्लिंट हे सैनिक कार्डावर टांगलेले असत. अमेरिकेतली जी मुलं या बाहुल्यांशी खेळून मोठी झाली होती, ती आता कमावती होऊन इंटरनेटवर आपलं बालपण शोधू लागली होती. त्यांच्या ध्यानात आलं की तिकडे इतिहासजमा झालेला सैनिक भारतात अजून कोरा करकरीत निघतोय, तोही कार्डाच्या पुठ्ठ्यावर, प्लास्टिकच्या बंद बुडबुड्यात. माल मागवला जाऊ लागला. इथे पोराने वाढदिवसाला हट्ट करून घेतलेली वस्तू तिकडे काचेच्या कपाटात गेली.

त्यांना सर्वांत जास्त मोह पडला तो रंगांचा. अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे निळ्या-पिवळ्या कपड्यांत निघे. एकाच नावाच्या बाहुल्याचा एका खेपेचा पट्टा तपकिरी, तर दुसऱ्या खेपेचा काळा. कुठे बंदूक दुसऱ्याच सैनिकाची. संग्राहकांनी या फरकांच्या याद्या केल्या, छायाचित्रं जोडली, कुठला रंग दुर्मीळ यावर वर्षानुवर्षं वाद घातले. आपल्याकडे हे कानावर आलं तर लोक म्हणतात, म्हणजे काम ढिसाळ होतं. मला हे मान्य नाही. अशा बाहुल्यांचं रंगकाम म्हणजे अवयवावर धातूचा छेद दिलेला साचा घट्ट बसवायचा आणि उघड्या राहिलेल्या जागी रंगाचा फवारा मारायचा, डोळ्या-भुवयांसाठी ठसा उमटवायचा. दर बाहुल्याला हे कित्येकदा करावं लागतं आणि प्रत्येक वेळी माणसाचा हात लागतो. मोठ्या बाजारासाठी लाखांनी माल काढणारा कारखाना रंग एकदा ठरवून टाकतो. आपला बाजार लहान, खेपा लहान, किंमत मध्यमवर्गीय बापाच्या खिशाला सोसेल अशी ठेवायची. अशा वेळी हाताशी असलेल्या रंगात काम भागवावं लागतं, आणि त्या भागवण्यातही कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की निळ्यावर पिवळं उठून दिसेल. ती निवड गोव्यात झाली. जगाने जपली ती तीच निवड.

संग्रहासाठी म्हणून मुद्दाम काढलेली, आकडे घातलेली, ‘मर्यादित आवृत्ती’ असं छापलेली खेळणी आज खूप मिळतात. माझा त्यांच्यावर फारसा जीव नाही. खोर्लीचा सैनिक मातीत लोळवण्यासाठी केला होता; बहुतेक लोळवलेच गेले, अंगठे तुटले, कडी तुटली. म्हणूनच जे थोडे वाचले त्यांना मोल आलं.

पुढची वर्षं कंपनीला सोपी नव्हती. 1 एप्रिल 2001 पासून आयातीवरची उरलेली संख्यात्मक बंधनं उठली आणि चिनी खेळण्यांचा लोंढा आला. गल्लीतल्या जनरल स्टोअरपासून जत्रेतल्या पालापर्यंत सगळीकडे तोच माल, निम्म्या-पाव किमतीत. जानेवारी 2009 मध्ये सरकारने चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी घातली, पण दीड-दोन महिन्यांतच प्रमाणपत्राच्या अटीवर ती सैल झाली. या काळात कित्येक लहान कारखानदारांनी साचे भंगारात काढले आणि आयातदार झाले. फनस्कूलने कारखाना चालू ठेवला, ही माझ्या मते तिची सर्वांत मोठी कमाई. परक्याच्या नावावर विसंबायचं तिने हळूहळू कमी केलं. तान्ह्या मुलांसाठी ‘गिगल्स’, मळून आकार करण्यासाठी ‘फनडो’, हस्तकलेचे संच, कोडी, पटावरचे खेळ अशी स्वतःची नावं उभी केली. परदेशी कंपन्यांसाठी माल बनवून निर्यातही केली. तमिळनाडूत राणीपेटला दुसरा कारखाना काढला. जी. आय. जो या सगळ्यात मागे पडला. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

2020 पासून वारं फिरलं. खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, पुढे 2023 मध्ये 70. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणं विकायला मनाई आली. सरकारी आकडे सांगतात की 2014-15 मध्ये देशात सुमारे 33 कोटी डॉलरची खेळणी येत, 2022-23 मध्ये ती सुमारे 16 कोटींवर आली. निर्यात त्याच काळात साडेनऊ कोटींच्या आसपास होती ती साडेबत्तीस कोटी डॉलरवर गेली. ज्यांच्याकडे साचे, कामगार आणि चाचणीची व्यवस्था तयार होती त्यांना याचा फायदा झाला. खोर्लीत ती तीसेक वर्षं मुरलेली होती.

मी सावंतवाडीचा, त्यामुळे एक तुलना मनातून जात नाही. आमच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी यांच्यावर पुस्तकं आहेत, प्रदर्शनं होतात. राजवाड्यात शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी लाखकामाला आणि गंजिफाच्या पत्त्यांना आधार दिला, त्याची नोंद आहे. ते योग्यच आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण तिथून मुंबई-गोवा रस्त्याने खाली गेलं की ज्या वसाहतीत यंत्रावर काम करणाऱ्या माणसांनी एका अख्ख्या पिढीचं बालपण रंगवलं, त्यांच्याबद्दल मराठीत किंवा कोकणीत मला एक पान वाचायला मिळालेलं नाही. जी माहिती आहे ती ओहायो-टेक्साससारख्या ठिकाणी बसलेल्या हौशी माणसांनी बाहुल्यांचे रंग न्याहाळून अंदाजाने जुळवलेली. कुठला रंग का निवडला, हे त्यांना कधीच कळणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसं फोंडा, तिसवाडी, डिचोली, दोडामार्ग भागात राहत असतील, आणि त्यांतली बरीचशी आता निवृत्त झाली असतील.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरातलं कुणी त्या कारखान्यात कामाला असेल तर त्यांच्याशी बसून बोला. कुठल्या खात्यात होते, कोणत्या वर्षी, रंग कोण ठरवत असे, एका पाळीत किती बाहुले निघत, हे एका वहीत उतरवून घ्या. घरात जुनं कार्ड सापडलं तर बाहुला काढून पुठ्ठा फेकू नका. त्यावरची छापील किंमत आणि पत्ता हाच आज पुरावा आहे. पणजीच्या राज्य संग्रहालयात या सैनिकांसाठी एक कपाट असावं, अशी मागणी मी करतो आहे. माझा सैनिक मी त्यासाठी द्यायला तयार आहे. कडं नवीन आहे, बाकी सगळा गोव्याचा.