आरोपीच्या पिंजऱ्यात वांगे!

भाजीच्या टोपलीतल्या साध्या वांग्यावर खटला चालवायचा. वकील, साक्षीदार, न्यायाधीश सारे विद्यार्थी. समोर बसलेले पालक आणि शेतकरी हे पंच! विज्ञानातला वाद लोकांसमोर मांडण्याची ही रीत म्हणजे अभिरूप न्यायालय.

जबलपूरइतके या प्रयोगाला सोयीचे शहर क्वचितच सापडेल. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून इथेच. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयही इथलेच. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या परिचयाचे ‘जेएस ३३५’ सोयाबीन याच विद्यापीठाने दिले. वकिली शिकणारे आणि बियाणे अभ्यासणारे एकाच गावात!

खटला खराच

बीटी वांग्याची कथा कल्पित नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मरावी म्हणून मातीतल्या एका जिवाणूचा जनुक वांग्यात घातला गेला. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याला मान्यता दिली. गदारोळ उठला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. आपले नागपूर त्यांतलेच एक. ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीला स्थगिती मिळाली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली. जनुक बदललेल्या मोहरीवर तर २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचेही एकमत झाले नाही.

उलटतपासणीची गंमत

वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या मिळवून सुटता येते. इथे उलटतपासणी असते. बचाव पक्ष म्हणतो, फवारण्या कमी होतील, खर्च वाचेल. फिर्यादी विचारतो, चाचणी किती दिवस चालली? पैसा कोणाचा? देशी वाणांत परागकण मिसळले तर? दरवर्षी बियाणे विकत घ्यायचे का? साक्षीदाराला पुरावा दाखवावाच लागतो. तयारीच्या काळात दोन्ही बाजूंच्या वकिलांनी एकदा जागा बदलल्या, तर आणखी उत्तम. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच तोंडून मांडताना हट्ट आपोआप सैल होतो.

पंच अडाणी, त्यांना काय कळणार? ही शंका २००१ सालीच खोटी ठरली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात छोट्या शेतकऱ्यांनी, त्यातही बहुतांश स्त्रियांनी, ‘प्रजातीर्पू’ या पंचायतीत तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून शेतीच्या भवितव्यावर आपला निवाडा दिला.

एक सावधगिरी

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्येही अभिरूप न्यायालयच आहे. ठरलेला खटला अण्वस्त्रांबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांवरचा; पण बघता बघता पिंजऱ्यात उभी राहते ती त्यांच्यातलीच एक शिक्षिका! म्हणून शिक्षकांनी नियम घालून द्यावा : तपासायचा तो दावा, माणूस नव्हे.

निकाल कोणताही लागो, मतमोजणीने विज्ञानाचे सत्य ठरत नाही. पण ताटात काय यावे, धोका कोणी पत्करावा, हे ठरवताना तज्ज्ञांइतकाच खाणाऱ्याचा आणि पिकवणाऱ्याचाही हक्क असतो. तो बजावण्याआधी नीट प्रश्न विचारायला शिकावे लागते. शाळा-कॉलेजातल्या लुटुपुटीच्या कोर्टात ही सवय लागली, तर पुढे खऱ्या जनसुनावणीत ती नक्कीच उपयोगी पडेल.