पडद्यावरचा सूर आणि कानातला सूर

साठी उलटलेल्या कित्येक घरांत कपाटावर कापडात गुंडाळलेली एक पेटी असते. कधीकाळी शिकलेल्या चार रागांची, दिलेल्या दोन परीक्षांची, भजनी मंडळातल्या साथीची ती खूण. नोकरी, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते यांत गाणे मागे पडलेले असते. आता वेळ आहे, पण जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, संध्याकाळच्या गर्दीत वर्गाला जाणे झेपत नाही आणि घरी रियाज करावा तर शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाचा तरी अभ्यास चाललेला असतो.

कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमध्ये ही अडचण लगेच समजेल. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे भूखंड आखून दिले आणि लोकांनी त्यांवर आपापली घरे बांधली. सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत बैठ्या घरांच्या रांगांना भिंती सामाईक असतात. एका घरात लावलेला षड्ज दुसऱ्या घरात सहज ऐकू जातो. अशा ठिकाणी कानाला हेडफोन लावून संगणकासमोर बसणे हा रियाजाचा सोयीचा मार्ग ठरू शकतो.

मग एखादी नात हौसेने संगणकावर संगीताचे सॉफ्टवेअर घालून देते. तुम्ही सा लावता. पडद्यावरची रेघ तांबडी होते, काटा डावीकडे झुकतो. पुन्हा लावता, पुन्हा तांबडी. दोन संध्याकाळी असे झाले की संगणक मिटला जातो आणि वाक्य येते, “आता कान गेले.” हा लेख त्या संध्याकाळसाठी आहे. यंत्राचा निवाडा कशाकशावर अवलंबून असतो हे एकदा समजून घेतले, तर कानाला दोष देण्याची घाई होणार नाही. खरोखरच कानात काही बिघाड असेल, तर तोही वेळेवर लक्षात येईल.

तीन प्रकारची साधने

पहिला प्रकार साथीचा. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि एकट्याने रियाज करणाऱ्याला अखंड सुराची सोबत मिळाली. आज तेच काम मोबाइल आणि संगणक करतात. तंबोरा, तबल्याचा ठेका आणि लेहरा हव्या त्या पट्टीत व लयीत मिळतो.

दुसरा प्रकार कानाच्या परीक्षेचा. ‘सोल्फेज’ किंवा ‘इअरमास्टर’ यांसारखी सॉफ्टवेअर दोन स्वर वाजवून त्यांतले अंतर ओळखायला सांगतात. ती पाश्चात्त्य पद्धतीने रचलेली आहेत, तरी ‘वरचा कोणता, खालचा कोणता’ हा प्रश्न सर्वांना सारखाच असतो.

तिसरा प्रकार आवाज मोजणारा. तुमचा स्वर सेकंदाला किती कंपने करतो हे मोजून तो पडद्यावर रेघेच्या रूपाने दाखवतो. पुण्याचे गायक संदीप रानडे यांनी केलेले ‘नादसाधना’ हे ॲप याच जातीचे. त्याला २०२१ साली ॲपल कंपनीचा डिझाइन पुरस्कार मिळाला. ते आयफोन आणि आयपॅडवर चालते. बंगळूरहून आलेले ‘रियाझ’ हे ॲपही शिकवलेली ओळ आणि तुम्ही गायलेली ओळ यांची तुलना करून दाखवते.

केवळ पाहण्याजोगे एक कामही मुंबईतच झाले आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये विम व्हॅन डर मीर आणि सुवर्णलता राव यांनी ‘म्युझिक इन मोशन’ हा प्रकल्प उभा केला. त्यात रागगायन ऐकू येत असताना त्याचा आलेख पडद्यावर सरकत जातो. मींड कशी वळते, स्वर कुठे आंदोलित होतो, हे डोळ्यांना दिसते. पवईच्या आयआयटीतही प्राध्यापक प्रीती राव यांच्या गटाने गायनातून सुरावट वेगळी काढून मोजण्यावर दीर्घ काळ संशोधन केले आहे.

सुराला मोजमाप लावण्याचा छंद महाराष्ट्राला नवा नाही. निवृत्त सरकारी अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींचा अभ्यास केला आणि १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. उतारवयात सुराच्या मागे लागणाऱ्यांनी ही परंपरा आपली मानावी.

आधी तुमचा षड्ज

बहुतेक वेळा तांबडी रेघ येते ती सा चुकीच्या पट्टीत ठरवलेला असल्यामुळे. पुरुष गायक पुष्कळदा काळी एकमध्ये, तर स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण तो तरुणपणीचा हिशेब झाला. वयाबरोबर स्त्रियांचा आवाज बहुधा खाली उतरतो आणि पुरुषांचा किंचित वर चढू शकतो. ज्या बाई चाळीस वर्षांपूर्वी काळी चारमध्ये सहज गात, त्यांना आज पांढरी पाच किंवा काळी तीन अधिक सुखाची वाटेल. यात कमीपणा काहीच नाही.

पट्टी शोधण्याची रीत सोपी आहे. घसा न ताणता खालचा पंचम आणि वरचा षड्ज हे दोन्ही जेथे लागतात, ती तुमची पट्टी. सॉफ्टवेअरमध्ये ती एकदा नोंदवा आणि कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा.

शुद्ध गांधाराचा घोटाळा

आता थोडे गणित. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. पेटीवरचे बारा स्वर एकमेकांपासून बरोबर शंभर सेंटांवर बसवलेले असतात. म्हणून पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याशी एकरूप होणारा गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर, म्हणजे १४ सेंट खाली असतो. काळी एकच्या षड्जाला सेकंदाला सुमारे १३९ कंपने धरली, तर या दोन गांधारांत दीड कंपनाहूनही कमी अंतर पडते. एवढेसे अंतर सरावलेल्या कानाला मात्र जाणवते. पेटीच्या या ठरीव स्वरांवरचा आक्षेप इतका तीव्र होता की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली.

पाश्चात्त्य पद्धतीच्या सॉफ्टवेअरला पेटीचाच गांधार ठाऊक असतो. तुम्ही तंबोऱ्यात मिळणारा उत्तम गांधार लावला, तरी ते ‘उतरला’ म्हणून सांगू शकते. सेटिंगमध्ये ‘जस्ट इंटोनेशन’ असा पर्याय मिळाला तर तो निवडा. नसल्यास गांधार, धैवत आणि निषादाच्या बाबतीत यंत्राचे म्हणणे सैल हाताने घ्या. षड्ज आणि पंचमाच्या बाबतीत मात्र ते विश्वासाचे आहे, कारण पंचमात हा फरक अवघा दोन सेंटांचा असतो.

आणखी काही साध्या गोष्टी. तंबोरा स्पीकरवर चालू असेल तर मायक्रोफोन तोही मोजतो आणि काटा उड्या मारतो, म्हणून तंबोरा हेडफोनवर ऐका. डोक्यावरचा पंखा गाण्यापुरता मंद करा. काही वेळा यंत्र मध्य सप्तकाचा स्वर तार सप्तकाचा समजते, ती त्याची चूक असते. शिवाय मोबाइलचा इवलासा स्पीकर खर्ज नीट वाजवू शकत नाही. तंबोऱ्याचा अर्धा आधार तेथेच हरवतो.

कानाचे वय

वाढत्या वयात ऐकणे कमी होते तेव्हा बहुधा उंच कंपनांचे आवाज आधी जातात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा नाद बऱ्याच अंशी त्या उंच पट्ट्यात असतो. म्हणून “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत” ही तक्रार घरोघरी ऐकू येते. गाण्यातले मूळ स्वर मात्र पुष्कळ खालच्या पट्ट्यात, साधारण १०० ते ५०० कंपनांच्या आसपास असतात आणि तेथले ऐकणे अनेकांचे दीर्घकाळ शाबूत राहते. दूरदर्शनवरील बातम्या नीट न कळणाऱ्या माणसालाही षड्ज-पंचमाचा मेळ स्वच्छ कळू शकतो. सूक्ष्म भेद ओळखायला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

पण काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका. एकच स्वर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीचा वाटत असेल, कानात सतत गुणगुण असेल किंवा नेहमीची गाणी अचानक बेसूर वाटू लागली असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऑडिओमेट्री करून घ्या. एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. येथे उशीर महागात पडतो. मळ साचल्याची शंका असेल तरी हेअरपिन किंवा काडी कानात घालू नका.

घरबसल्या प्राथमिक चाचणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक मोफत ॲप आणले. त्यात गोंगाटातून बोललेले आकडे ओळखायचे असतात. ते तपासणीची जागा घेत नाही, पण तपासणीची गरज दाखवून देते.

श्रवणयंत्र वापरत असाल तर

श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून बनवलेली असतात. शिट्टी थांबवणारी त्यांची यंत्रणा तंबोऱ्याच्या लांब, स्थिर स्वरालाही शिट्टी समजू शकते. मग स्वर थरथरल्यासारखा किंवा दुभंगल्यासारखा ऐकू येतो. काही यंत्रे उंच कंपने खाली आणून ऐकवतात, त्यानेही सुराचे रूप बदलते. दोष तुमच्या कानाचा नसून यंत्राच्या मांडणीचा असण्याची शक्यता येथे मोठी आहे. ऑडिओलॉजिस्टना “मी गातो” किंवा “मी गाते” असे स्पष्ट सांगा. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवता येतो. पुढच्या भेटीला तंबोऱ्याचा आवाज मोबाइलवर बरोबर न्या आणि तेथेच ऐकून पाहा.

पंधरा मिनिटांचा क्रम

पाठीला आधार देऊन ताठ बसा. पहिली दोन मिनिटे डोळे मिटून नुसता तंबोरा ऐका. खर्जाच्या तारेतून एक अस्पष्ट गांधार आपोआप उमटतो. जुने गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो सापडणे हीच कानाची उत्तम कसोटी. चांगल्या हेडफोनवर तो सॉफ्टवेअरच्या तंबोऱ्यातही ऐकू येतो.

पुढची पाच मिनिटे आकारात सा लावा. हेडफोनचा एक कान थोडा बाजूला सरकवा, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येईल. डोळे मिटलेलेच ठेवा. स्वर लागला असे वाटल्यावरच पडद्याकडे पाहा. रेघेकडे पाहत गायलात तर तुम्ही तिच्या मागे धावू लागता. ती क्षणभर उशिरा येते आणि आवाज डळमळतो. म्हणून नियम एकच : आधी कान, मग डोळा.

त्यानंतर पाच मिनिटे सा-प, मग सा-ग, शेवटी सा-म. उरलेल्या तीन मिनिटांत आवडीचे एखादे भजन किंवा बंदिशीचा मुखडा, आणि तेव्हा पडदा बंद.

हेडफोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. रक्तदाबाचा त्रास असेल तर तार सप्तकात जोर लावू नका आणि श्वास कोंडून धरू नका. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर घसा दाखवून घ्या.

घरातल्या मंडळींसाठी

आई-बाबांना सॉफ्टवेअर घालून देणे हे काम एका रविवारी उरकण्यासारखे नाही. अक्षरे मोठी करा, पट्टी आणि लय साठवून ठेवा, पडद्यावर एकच चित्र ठेवा ज्यावर टिचकी मारली की तंबोरा सुरू होईल. मायक्रोफोनची परवानगी दिली आहे ना, ते पाहा. मोफत चाचणी संपल्यावर खात्यातून आपोआप पैसे कापले जाणार असतील, तर ते आधीच बंद करा. गायलेले ध्वनिमुद्रण कुठे साठवले जाते, तेही वाचून घ्या.

गुण देण्याची सोय शक्य असेल तर बंद ठेवा. शाळकरी मुलाला शंभरपैकी सत्तर गुण हुरूप देतात, पंचाहत्तरीच्या माणसाला तेच गुण गप्प करू शकतात. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर परीक्षेची साधने अजिबात नकोत. त्यांच्या ओळखीचे गाणे त्यांच्याच पट्टीत लावा आणि बरोबरीने गा. शब्द चुकले तरी सुधारू नका, थकवा दिसला की थांबा.

येथे एक भान हवे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींमध्ये श्रवणदोषाचा समावेश आहे. त्यावरून कानाची तपासणी आणि गरजेनुसार श्रवणयंत्र यांचे महत्त्व पटते. सूर ओळखण्याच्या सरावाने स्मृतिभ्रंश टळतो, असा त्याचा अर्थ नव्हे. तशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून दूर राहा.

गुरू समोर असताना तो तुमचा सूर ऐकतो आणि चेहराही वाचतो. कधी टोकायचे, कधी जाऊ द्यायचे, हे त्याला कळते. संगणकाला फक्त कंपने कळतात. शक्य असेल तर महिन्यातून एकदा जाणत्या माणसाला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर गाऊन दाखवा, आणि मधल्या दिवसांत यंत्राची सोबत घ्या. कपाटावरची पेटीही खाली काढा. भाता अजून धरतो का, एवढे पाहायला हरकत नाही.