मागच्या दाराने निसटलेली चित्रकर्ती

१९४१ सालचे लिस्बन. युरोपात युद्ध पेटलेले आणि पोर्तुगाल तटस्थ असल्याने हे बंदर अमेरिकेची बोट गाठू पाहणाऱ्यांनी गजबजलेले. तेविशी-चोविशीतली एक इंग्रज तरुणी पहाऱ्यात तेथे आणली गेली होती. तिला दक्षिण आफ्रिकेतल्या मनोरुग्णालयात पाठवायचे, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. तिला कोणी विचारले नव्हते. हातमोजे घ्यायचे निमित्त काढून ती बाहेर पडली, एका कॅफेत शिरली, मागच्या दाराने निसटली आणि टॅक्सी करून तिने थेट मेक्सिकोची वकिलात गाठली. तेथे तिच्या ओळखीचा कवी रेनातो लेदुक अधिकारी होता.

ही लिओनोरा कॅरिंग्टन. विसाव्या शतकातील अतिवास्तववादी चित्रकलेतले एक मोठे नाव आणि तितकीच विलक्षण लेखिका. तिच्या आयुष्याकडे पाहिले, की हे मागचे दार पुन्हा पुन्हा दिसते. पुढच्या दाराशी कोणी ना कोणी तिचा निर्णय घेऊन उभा असे!

लिओनोराचा जन्म ६ एप्रिल १९१७ चा, इंग्लंडमधील लँकेशायरचा. वडील बडे कापड गिरणीमालक, आई आयरिश. दाईकडून आयरिश भुताखेतांच्या गोष्टी ऐकत ती वाढली. कॉन्व्हेंट शाळांनी तिला काढून टाकले. १९३५ मध्ये उपवर श्रीमंत मुलींच्या रीतीप्रमाणे तिला राजदरबारात नेण्यात आले. या सोहळ्याचा सूड तिने कथेतून उगवला. 'द देब्युतांत' या कथेतली मुलगी मेजवानीला जाण्याचे टाळून, प्राणिसंग्रहालयातल्या आपल्या मैत्रिणीला, म्हणजे एका तरसाला, आपले कपडे घालून पाठवते. चेहरा लपवायचा कसा? तरस मोलकरणीला मारून तिचाच चेहरा लावते! वाचताना हसू येते आणि अंगावर काटाही.

१९३७ मध्ये लंडनला तिची भेट जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टशी झाली. ती वीस वर्षांची, तो सेहेचाळीस वर्षांचा आणि विवाहित. वडिलांचा विरोध डावलून ती पॅरिसला गेली. स्वप्ने आणि सुप्त मन यांतले सत्य कलेत आणू पाहणाऱ्या अतिवास्तववाद्यांचा तेथे अड्डा होता. मात्र क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या या पुरुषांना बाई हवी होती ती मुख्यतः प्रेरणादेवता म्हणून. आपल्याला कोणाची प्रेरणादेवता व्हायला वेळच नव्हता, असे लिओनोरा पुढे सांगत असे. त्या काळातले तिचे आत्मचित्र पाहावे. विस्कटलेल्या केसांची, घोडेस्वाराच्या पांढऱ्या विजारीतली ती खुर्चीत बसली आहे, समोर तरस आहे, भिंतीवर लाकडी घोडा आहे आणि खिडकीबाहेर खरा पांढरा घोडा चौखूर उधळला आहे. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

मग युद्ध आले. फ्रान्समध्ये शत्रुदेशाचा नागरिक म्हणून अर्न्स्टला छावणीत डांबले गेले. एकटी पडलेली लिओनोरा १९४० मध्ये स्पेनला पळाली आणि तेथे तिच्या मनाचा तोल ढळला. सान्तान्देरच्या मनोरुग्णालयात तिला बांधून ठेवले गेले आणि झटके आणणाऱ्या कार्डियाझोलची इंजेक्शने दिली गेली. त्यानंतरचे लिस्बन आपण पाहिलेच. या यातनांवर तिने 'डाउन बिलो' हे कथन लिहिले. १९४४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात ना कणव मागितली आहे, ना काही झाकले आहे.

लेदुकशी लग्न झाल्यामुळे तिला युरोपातून सुटता आले. काही काळ न्यूयॉर्कला राहून दोघे मेक्सिकोला पोहोचले. ते लग्न लवकरच मोडले, पण मेक्सिको कायमचे तिचे झाले. १९४६ मध्ये तिने हंगेरियन छायाचित्रकार चिकी वाइस याच्याशी लग्न केले. लागोपाठ दोन मुलगे झाले. आता हिची कला संपली, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटेच. तिचा चाहता एडवर्ड जेम्स स्टुडिओ पाहायला गेला, तेव्हा त्याला दिसली ती एक अपुऱ्या उजेडाची लहानशी खोली. स्वयंपाकघर, बाळांची खोली आणि अडगळीची खोली, सगळे एकातच! तेथूनच निघालेल्या चित्रांचे १९४८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरले.

स्वयंपाकघराला तिने कधी कमी लेखले नाही. अंड्याच्या बलकात रंग कालवून काढायची टेम्पेरा ही जुनी रीत तिने आपलीशी केली. रंग घोटणे आणि रस्सा ढवळणे या तिला एकाच जातीच्या किमया वाटत. स्पेनहून आलेली चित्रकर्ती रेमेदिओस व्हारो ही तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी माकुळाच्या शाईत साबुदाणा रंगवून पाहुण्यांना उंची 'कॅव्हियार' म्हणून वाढल्याचा किस्सा सांगितला जातो. १९७५ च्या एका चित्रात तर तिने आजोळच्या आजीचे सुवासिक स्वयंपाकघरच रंगवले. त्यात लसूण आहे, चूल आहे आणि एक भलीमोठी पांढरी हंसीही आहे.

तिची सर्वांत लाडकी झालेली कादंबरी 'द हिअरिंग ट्रम्पेट' सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झाली. नायिका मॅरिअन ब्याण्णव वर्षांची, ठार बहिरी. मैत्रीण तिला कानाला लावायचे कर्णे देते. त्यातून म्हातारीला पहिल्यांदा काय ऐकू येते? मुलगा, सून आणि नातू तिला वृद्धाश्रमात धाडायचा बेत करत आहेत! लिस्बनचीच गोष्ट ही, फक्त माणूस आता ब्याण्णव वर्षांचे. पण लेखिका रडत नाही. आश्रमातल्या म्हाताऱ्या बंड करतात आणि अखेरीस जगच उलटेपालटे होते.

लिओनोरा २५ मे २०११ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मेक्सिको सिटीत वारली. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेने तिने मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव घेतले. २०२४ मध्ये तिचे १९४५ चे एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे दोन कोटी पंच्याऐंशी लाख डॉलरना गेले. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा. पण हे चित्र काढणाऱ्या बाईला चार वर्षांपूर्वी वेडी ठरवून बोटीत चढवायचे घाटत होते, हे विसरू नये.

घरातल्या कोणाविषयी बंद दाराआड काही ठरत असेल, तर त्या माणसाला एकदा विचारावे. मॅरिअनला कर्णे लावून ऐकावे लागले, ते न विचारल्यामुळेच.