परवानगीच्या यादीतला दुष्काळ : सुदानमधील मदतकर्मींच्या ये-जा करण्याचा प्रश्न

युद्धग्रस्त प्रदेशातील उपासमार हा वरवर पाहता धान्याचा, पैशाचा आणि वाहनांचा प्रश्न वाटतो. परंतु सुदानच्या गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास तपासला असता असे आढळते की, गोदामात धान्य होते, विमाने सज्ज होती, जायला तयार असलेली माणसेही होती, आणि तरीही हजारो लोक भुकेने मेले, कारण त्या माणसांना तिथवर जाऊ दिले गेले नाही. मदतकर्मींना गरजूंपर्यंत आणि गरजूंना मदतीपर्यंत निर्धोकपणे पोहोचता येणे, याला मदतकार्याच्या परिभाषेत ‘प्रवेश’ म्हणतात. हा प्रवेश कोणी द्यायचा, कोणत्या अटींवर द्यायचा आणि तो नाकारला गेल्यास जबाबदार कोणाला धरायचे, हे या क्षेत्रातील सर्वांत कळीचे आणि सर्वांत कमी चर्चिलेले प्रश्न आहेत.

1949 च्या चार जिनीव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमधील 70 आणि 71 ही कलमे या विषयाचा कायदेशीर पाया मानली जातात. मदत पुरवण्यासाठी संबंधित पक्षाची संमती हवी, हे ती मान्य करतात. मात्र मदतकर्मींच्या हालचालींवर बंधन घालायचे तर ते अटळ लष्करी गरज असेल तरच आणि तेही तात्पुरते घालता येते, असे 71 वे कलम सांगते. ही तरतूद दोन देशांमधील युद्धासाठी आहे. देशांतर्गत युद्धासाठीचा दुसरा प्रोटोकॉल याबाबत बराच मोघम आहे आणि आजची बहुतेक युद्धे नेमकी याच दुसऱ्या प्रकारची आहेत. म्हणजे कायद्याने संमतीची अट ठेवली, पण ती संमती रोखून धरणाऱ्याला जाब विचारण्याची व्यवस्था मात्र दुबळीच ठेवली.

या पोकळीत 1989 च्या एप्रिलमध्ये ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ ही मोहीम उभी राहिली. आदल्या वर्षी दक्षिण सुदानमध्ये युद्ध आणि दुष्काळ यांत अंदाजे अडीच लाख माणसे दगावली होती. युनिसेफचे तत्कालीन प्रमुख जेम्स ग्रँट यांनी खार्टूममधील सादिक अल-महदी यांचे सरकार आणि जॉन गरांग यांची सुदान पीपल्स लिबरेशन आर्मी ही बंडखोर सेना, या दोघांशीही बोलणी करून मदतीसाठी मार्ग मोकळे करून घेतले. एखाद्या सार्वभौम सरकारने आपल्याच भूमीवरील बंडखोरांच्या ताब्यातील मुलखात संयुक्त राष्ट्रांना मदतकार्य करू देण्याचे औपचारिकपणे मान्य करावे, ही त्या काळी अभूतपूर्व गोष्ट होती, आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही.

मोहिमेचा दक्षिणेकडील तळ केनियाच्या वायव्येला, तुर्काना प्रदेशातील लोकिचोगिओ या गावी होता. तिथून होणारी प्रत्येक हालचाल एका यादीवर अवलंबून असे. पुढील महिन्यात ज्या मातीच्या धावपट्ट्यांवर विमाने उतरवायची, त्यांची नावे संयुक्त राष्ट्रांनी खार्टूमला कळवायची आणि सरकारने त्यातली काही मंजूर, काही नामंजूर करून यादी परत धाडायची, असा क्रम होता. नकाराचे कारण देण्याचे बंधन नव्हते. यादीतून वगळलेल्या नावाचा प्रत्यक्ष अर्थ काय होई, हे विमानातून धान्य टाकण्याच्या पद्धतीवरून ध्यानात येते. हर्क्युलिस विमान धान्याची पोती वरून सोडत असे. पोते जमिनीवर आदळून फुटले तरी दाणे वाया जाऊ नयेत, म्हणून ते एकात एक घातलेल्या पोत्यांत भरलेले असे. पण त्याआधी काही कर्मचाऱ्यांनी त्या जागी पोहोचून मोकळे मैदान निवडायचे, त्याच्या खुणा करायच्या, माणसे आणि गुरे त्या पट्ट्याबाहेर ठेवायची आणि मग रेडिओवरून वैमानिकाला इशारा द्यायचा, हे सारे आवश्यक होते. ही माणसे जमिनीवर नसतील, तर आकाशातून पडणारे पोते खालच्या भुकेल्याचाच जीव घेऊ शकते. म्हणून कर्मचाऱ्यांची ये-जा अडवणे म्हणजे धान्यच अडवणे होते, आणि अडवणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते.

1998 मध्ये याची किंमत उघड झाली. जानेवारीच्या अखेरीस केरुबिनो क्वान्यिन बोल या सेनानीने सरकारची बाजू सोडून वाऊ शहरावर हल्ला केला, हजारो लोक तिथून पळाले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारने बाहर-अल-गझल प्रदेशातील मदत-उड्डाणे थांबवली. ही बंदी मार्चअखेरपर्यंत चालली. मधल्या काळात मोजक्याच धावपट्ट्यांना मुभा मिळाली, तेव्हा उपाशी लोकांचे लोंढे त्याच ठिकाणांकडे वळले. तिथे ना पुरेसे अन्न होते, ना स्वच्छ पाणी, त्यामुळे भुकेबरोबर रोगराईही वाढली. त्या दुष्काळात सुमारे 70 हजार माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. पाऊस कमी पडला होता, लुटारू टोळ्यांनी गुरे पळवली होती, स्थानिक सत्ताधारी मदतीतला वाटा काढून घेत होते, ही कारणे खरीच. तरीही ऐन गरजेच्या वेळचे ते दोन महिने हातचे गेले ते निसर्गामुळे नव्हे, एका सरकारी निर्णयामुळे.

दोष एकट्या खार्टूमचाच होता, असे मात्र म्हणता येत नाही. 1995 मध्ये बंडखोर सेनेने संयुक्त राष्ट्रांबरोबर मदतकार्याचे नियम मान्य केले होते आणि त्यांत जिनीव्हा करारांचा तसेच बालहक्क कराराचा उल्लेख होता. त्याच बंडखोरांनी पुढे मदतसंस्थांपुढे एक सामंजस्य करार ठेवला आणि 1 मार्च 2000 पर्यंत सही करा, नाहीतर बाहेर पडा, असा निर्वाणीचा इशारा दिला. आपल्या निःपक्षपातीपणाला बाध येतो, या कारणाने 11 संस्थांनी सहीला नकार देऊन काम थांबवले. गणवेश कोणताही असो, प्रवेशाची किल्ली हाती आली की तिचे शस्त्र करण्याचा मोह दोन्ही बाजूंना झाला, ही या मोहिमेच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक बाब आहे.

परवानगी मिळाल्यावर तरी सुरक्षितता मिळे का, याचे उत्तर 20 फेब्रुवारी 2002 रोजी दक्षिण सुदानमधील बिएह येथे मिळाले. जागतिक अन्न कार्यक्रमाचे कर्मचारी तिथे धान्य वाटत असताना सरकारी हेलिकॉप्टरने जमावावर गोळीबार केला आणि किमान 17 नागरिक ठार झाले. येथे ‘डीकॉन्फ्लिक्शन’ या व्यवस्थेची मर्यादा दिसते. आपली ठिकाणे, मार्ग आणि वेळा लढणाऱ्या पक्षांना आधी कळवायच्या, जेणेकरून तिथे मारा होणार नाही, असे या व्यवस्थेचे स्वरूप असते. सुदानबाहेरही हेच दिसले. अफगाणिस्तानातील कुंदूझ येथील आपल्या रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश ‘मेदसां सां फ्राँतिएर’ या वैद्यकीय मदतसंस्थेने अमेरिकी लष्कराला कळवलेले होते, तरीही 3 ऑक्टोबर 2015 रोजी अमेरिकेच्या एसी-130 विमानाने त्यावर मारा केला आणि 42 जणांचा बळी गेला. गाझात 1 एप्रिल 2024 रोजी ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या अन्न पुरवणाऱ्या मदतसंस्थेचे सात कर्मचारी मारले गेले, तेव्हा त्यांच्याही प्रवासाची माहिती इस्रायली लष्कराला आधीच दिलेली होती. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशीत माहितीच्या देवघेवीतील चुका पुढे येतात. पण माहिती कळवली म्हणून संरक्षण मिळते आणि न कळवणाऱ्याचा हक्क संपतो, असा समज त्यातून रूढ होणे धोकादायक आहे. नागरिक आणि मदतकर्मी यांच्यावर हल्ला न करण्याचे बंधन शस्त्रधाऱ्यावर आहे. नकाशावरचा ठिपका ते बंधन पाळणे सोपे करतो, ते निर्माण करत नाही.

सरकार आणि बंडखोर सेना यांच्यातील 2005 च्या शांतता करारानंतर ‘लाइफलाइन’ मोहीम संपली आणि 2011 मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. एप्रिल 2023 मध्ये सुदानची सेना आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा जुनेच चित्र पुन्हा उभे राहिले. मदतसंस्थांना प्रवासासाठी सेनेच्या बाजूच्या सरकारी आयोगाकडे परवाने मागावे लागतात, तर दुसऱ्या फौजेने आपल्या ताब्यातील भागासाठी स्वतःची वेगळी यंत्रणा उभारली आहे. एकाच फेरीसाठी दोन दारे ठोठवावी लागतात. चाडमधून दारफुरमध्ये जाणारा आद्रे येथील सीमामार्ग सेनेच्या बाजूच्या सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बंद केला. 1 ऑगस्टला दारफुरमधील झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केले आणि त्याच महिन्यात तो मार्ग उघडण्याचा निर्णय झाला, तोही फक्त तीन महिन्यांसाठी.